राहणार वाघोली

वाघोली,
७ डिसेंबर २०२५

रा. रा. रंगराव यांस,
स. न. वि. वि.

फोन केला की तुझा संतोष 'बाबा बाहेर गेलेत' म्हणतो. दोन वर्षं झाली, तू बाहेरच आहेस. अडुसष्टाव्या वर्षी माणूस इतका फिरतो हे ऐकून बरं वाटलं. म्हणून आता हे आंतरदेशीय पत्र. पत्राला कोणी 'बाहेर गेलेत' म्हणत नाही, ते दारातून आत पडतं आणि पडून राहतं.

कारण विशेष काही नाही. बाजारात तुरीच्या शेंगा आल्या. आपल्या रिसोडच्या शेंगांची चव त्यांना नाही, पण इथे पुण्यात मिळतात हेच खूप. गोदाबाईने मीठ घालून उकडल्या आणि सवयीने चार ताटल्या काढल्या. मग दोन परत मांडणीत ठेवल्या. शेंगा उरल्या.

जुना विषय काढायचा नव्हता, पण तो काढल्याशिवाय पत्र पुढे सरकत नाही. म्हणून माझी बाजू एकदा लिहून ठेवतो. वेणूवहिनींच्या तेरवीला रेडिओ मी आपण होऊन लावला नव्हता. 'गुरुवार हाय, तिचा वार हाय, लाव,' असं तूच म्हणालास. तेरा दिवस बंद होता तो. पंगत बसली होती. फर्माईशीचा कार्यक्रम सुरू झाला आणि निवेदिकेने आपली नावं वाचली. श्रीधर, गोदाबाई, वेणूबाई, रंगराव, राहणार वाघोली. सगळ्यांचे हात ताटातच थांबले. वहिनींचे थोरले भाऊ जेवणावरून उठले. 'तेरा दिस करून बाईले वाटेले लावलं, अन् या मानसानं जित्या मानसायच्या यादीत नाव घालून तिले माघारी बलावलं,' असं ते भर पंगतीत बोलले.

मी तेव्हाही सांगितलं, आजही तेच सांगतो. कार्ड महिनाभर आधी पेटीत पडलं होतं. वहिनी होत्या तेव्हा. पोस्टाने उशीर केला त्याला मी काय करणार? यावर तू जे बोललास ते मी इथे लिहीत नाही. जागाही संपत आली.

गोदाबाईने नमस्कार सांगितला आहे. माझा मी सांगत नाही, तो पत्रात आलाच.

श्रीधर

•

वाघोली,
२१ डिसेंबर २०२५

रंगराव,

पहिल्या पत्राला उत्तर नाही. हरकत नाही, तू चाळीस वर्षांत मला एकही पत्र लिहिलेलं नाहीस, आत्ताच का लिहिशील? तुझ्या वाटचंही मीच लिहायचो. आपली वाटणीच तशी होती. गुरुवारच्या कार्यक्रमाला पोस्टकार्ड मी लिहायचं, कारण माझं अक्षर निवेदिकेला वाचता येईल असं. गाणं गोदाबाईने आणि वहिनींनी आळीपाळीने निवडायचं. कार्ड वहिनींनी कॉलेजच्या मेसला पोळ्या लाटायला जाताना फाटकाजवळच्या लाल पेटीत टाकायचं. आणि तू? 'म्या ऐकतो. कोनी तं ऐकलं पाह्यजे,' म्हणायचास. कार्डावर तुझं नावही शेवटी, तुझ्याच हट्टाने.

लोक आता मोबाईलवरून फर्माईश पाठवतात. आपल्याला ते कधी जमलं नाही. कार्ड टाकायचं आणि महिनाभर दर गुरुवारी कान लावून बसायचं, आपलं नाव येतं का नाही. आलं की वहिनी लाटणं हातात घेऊनच बाहेर यायच्या. एवढं सुख होतं, रंगराव. त्यापेक्षा मोठं मला काही आठवत नाही, आणि मी पुष्कळ वेळ आठवून पाहिलं.

लहानसहान बातम्या बाकी आहेत. मागे दोन टॉवर उभे राहिले, त्यांच्या फटीतून सकाळी वीस मिनिटं ऊन येतं. मी खुर्ची घेऊन त्या उन्हाबरोबर सरकत जातो. आपल्या कट्ट्यावर मालकाच्या मुलाने पाटी लावली आहे, 'येथे बसून आपण काय साधता?' मी रोज तिथे बसून ती वाचतो. तुझ्या खोलीत आता दोन मुली राहतात, दवाखान्यात नर्स आहेत, गुणी आहेत. गाणी ऐकतात, पण कानात बोंडं घालून. मधल्या भिंतीतून काहीच येत नाही. आपण चौघं एकच रेडिओ दोन घरांतून ऐकायचो, ती भिंत आता नुसती भिंत झाली आहे.

तुला एक सांगायचं होतं. मध्यंतरी मी गोदाबाईला म्हणालो, रेडिओचा आवाज दिवसेंदिवस कमी होतोय, दुरुस्तीला द्यावा लागेल. ती म्हणाली, 'रेडिओ ठीक हाय. तुमी द्या सोताले दुरुस्तीले.' आमच्या नम्रताने खराडीच्या कानाच्या डॉक्टरकडे नेलं. प्रेस शॉपमध्ये तेवीस वर्षं काढली, ती कानांनी लिहून ठेवली होती. उजवा गेला आहे. डावा जातो आहे. नम्रता समजावत होती, 'बाबा, लो फ्रिक्वेन्सी ओके आहे, हाय गेलंय. म्यूझिक कळेल तुम्हाला, लोकांचं बोलणं नाही कळणार.' मशीन लावलं, पण त्यात सगळं भांड्यात खडे हलवल्यासारखं ऐकू येतं.

म्हणजे गाणी कळतात, नावं कळत नाहीत. तबला येतो, पेटी येते. निवेदिका बोलायला लागली की नुसती कुजबूज. कोणी कोणासाठी मागितलं, कुठल्या गावाहून, काही नाही. नुसत्या गाण्याला काय करायचं रे? गाणं तर कुठेही लागतं.

दोन हजार नऊ साली कंपनीला टाळं लागलं तेव्हा मी चाळीस दिवस खोलीबाहेर पडलो नव्हतो. तुझी नोकरी होती. तू पाळीवरून सुटलास की येऊन बसायचास. 'होईल सगळं ठीक' असं एकदाही म्हणाला नाहीस. शेंगा असल्या तर शेंगा सोलायचास, मेथी असली तर मेथी निवडायचास. रेडिओ चालू असायचा. मग 'उठतो बा' म्हणून जायचास. चाळीस दिवस. एकेचाळिसाव्या दिवशी मी चप्पल घातली. तेव्हा मला वाटलं, मी आपणहून घातली.

तुझ्यावर वेळ आली तेव्हा मी काय केलं? तेरा दिवस बोलत होतो. मरण कोणाला चुकलं आहे, सुटली बिचारी, धीर धर. मेथी काही मला निवडता आली नाही.

श्रीधर

•

वाघोली,
११ जानेवारी २०२६

रंगराव,

आज लहानच लिहितो, राग आला आहे.

संतोषला फोन केला. म्हणजे गोदाबाईने केला, मला आता फोनवर समजत नाही. तो म्हणाला, 'काका, बाबा पत्रं वाचतात. दोनदा वाचतात. मग आईच्या डब्यात ठेवतात, पण बोलत काहीच नाहीत.' वहिनींचा पोळ्यांचा डबा तू लोणी काळभोरला नेलास, हे मला असं तिसऱ्याकडून कळतं. खोली सोडलीस तेही टेम्पो दाराशी लागल्यावर कळलं. पस्तीस वर्षं एका भिंतीला टेकून बसलो, आणि तू जाताना भिंतीलासुद्धा सांगितलं नाहीस.

वाघोलीहून लोणी काळभोर काही विलायत नाही. दोन बस बदलल्या की येतं. मी यायचं म्हटलं तर आलो असतो. आलो नाही, कारण दारात उभा राहून काय बोलू हे मला ठरवता आलं नाही. बोलण्यात मी हुशार, असं सगळे म्हणतात.

गोदाबाईने पत्र वाचायला घेतलं, पहिलंही वाचलं होतं तिने. म्हणाली, 'पत्र लिवता, पन जे लिवाचं ते लिवत नाही. मंग शाई कायले नासता?'

तिला काही कळत नाही, असं मी म्हणालो. तिला सगळं कळतं, हे तुला माहीत आहेच.

श्रीधर

•

वाघोली,
१ फेब्रुवारी २०२६

रंगा,

पोस्टाचा घोळ नव्हता.

हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं, चहा प्यालो, उन्हात जाऊन आलो. परत आलो तरी वाक्य तसंच होतं. तेव्हा आता पुढचं लिहितो.

मी कार्डं एकदम आठ लिहून ठेवायचो, तुला माहीत आहे. नावं, पत्ता, सगळं. फक्त गाण्याची ओळ मोकळी. वहिनी दवाखान्यात गेल्या तेव्हा आठच्या आठ रेडिओवर पडून होती. महिनाभर एकही पेटीत पडलं नाही, कारण टाकणारी नव्हती. वहिनी गेल्यावर पाचव्या दिवशी मी तुझ्याकडून घरी आलो. त्या दिवशीही मी तुला पुष्कळ धीर दिला होता. घरात आलो आणि तो गठ्ठा दिसला.

वरचं कार्ड उचललं. तिसरं नाव खोडायचं, एवढंच काम होतं. पेन उघडलं. एक आडवी रेघ, रंगा. दवाखान्याने रेघ मारली, पालिकेने दाखल्यावर मारली, रेशनच्या कार्डावर तुला स्वतः जाऊन मारावी लागणार होती. मला वाटलं, आता मीही मारली की झालंच. हात पुढे होईना. मग मी मोकळ्या ओळीत तिचं गाणं लिहिलं, ते शेवटच्या कडव्याआधी गाणारी हलकं हसते ते. ते हसणं यायच्या आधी वहिनी बोट वर करायच्या, सगळ्यांनी गप्प बसावं म्हणून, आणि हसणं येऊन गेलं की स्वतः हसायच्या. मी कार्ड घेऊन कॉलेजच्या फाटकापर्यंत चालत गेलो आणि पेटीत टाकलं. पहिल्यांदाच मी टाकलं. चुकून नव्हे. बघून, वाचून टाकलं.

वाटलं होतं, महिना तरी लागेल. तोवर तुझं दुःख थोडं निवलेलं असेल, मी तुझ्या शेजारी बसलेला असेन, आणि नाव आलं की आपण दोघं एकमेकांकडे बघू. त्या एका वेळेपुरती ती असेल. एवढाच माझा हिशेब होता. आठच दिवसांत वाचलं जाईल, आणि तेही तेरवीला, भरल्या पंगतीत, तिच्या भावांसमोर, हे कोणाच्या ध्यानात येणार?

सगळे माझ्याकडे बघत होते तेव्हा मी घाबरलो. भावांना घाबरलो, लोकांना घाबरलो. 'महिन्यापूर्वीचं कार्ड आहे, पोस्टाचा घोळ,' असं तोंडातून निघून गेलं. तू तेव्हा ताटावरून न उठता जे म्हणालास, ते पहिल्या पत्रात मी लिहिलं नाही. आज लिहितो.

'महिनाभर ती दवाखान्यात होती. तिच्याबिगर तुहं कार्ड कोन टाकत होतं?'

मी तरीही म्हणालो, असेल कोणी टाकलं. मग तू म्हणालास, 'चुकी मी पोटात घातली असती, शिरीधर. पन तू तिच्या तेरवीले माह्या तोंडावर खोटं बोल्ला.'

भाऊ ओरडत होते ते कधीच विसरलो. तू हळू बोललास, ते मात्र आता डावा कान गेला तरी ऐकू येत राहील.

तुझं खरं होतं. मी खोटं बोललो. दोन वर्षं बोलत राहिलो, पहिल्या पत्रातसुद्धा बोललो. माझी चूक झाली. कार्डाची म्हणशील तर खरं सांगतो, तिचा मला अजून पुरता पश्चात्ताप होत नाही. खोट्याचा होतो.

सोबत पाकिटात सात कार्डं पाठवतो आहे. उरलेली. चौघांची नावं आहेत, गाण्याची ओळ मोकळी आहे. मला ती टाकता येत नाहीत, फाडता येत नाहीत, आणि त्यावर रेघ मारता येत नाही. ती तुझी बायको होती. तुला जे वाटेल ते कर. फाडलीस तरी मी विचारणार नाही.

श्रीधर

•

वाघोली,
६ मार्च २०२६

रंगा,

काल गुरुवार. मी दारात गहू निवडत बसलो होतो. रेडिओ चालू होता, मोठ्याने, त्या दोन मुलींनी अजून तक्रार केली नाही ही त्यांची भलाई. निवेदिकेची कुजबूज चालली होती, मी लक्ष देत नव्हतो. मग गाणं लागलं. पहिल्या ठेक्यालाच ओळखलं, वहिनींचं. बरं वाटलं. कोणीतरी मागितलं असेल, म्हटलं, त्याचं भलं होवो. मी गुणगुणायला लागलो आणि खडे वेचत राहिलो.

गोदाबाई आतून आली. हात पिठाचे, तसेच पुढे धरलेले. मला वाटलं दूध उतू गेलं. मी म्हणालो, 'गॅस बंद केलास का?'

ती खाली बसली, माझ्या डाव्या कानाशी तोंड आणलं आणि म्हणाली, 'अवो, आपली नावं घेतली तिनं!'

'कोणाची?'

'आपली! श्रीधर, गोदाबाई, वेणूबाई, राहणार वाघोली. अन् रंगराव, लोणी काळभोर.'

मी तिला पुन्हा सांगायला लावलं. तिसऱ्यांदाही लावलं. गाणं पुढे चाललं होतं, आणि गोदाबाई माझ्या कानात नावंच म्हणत होती.

माझंच कार्ड होतं ना रे ते? त्या सातांतलं. नावं माझ्या क्रमाने आली. म्हणजे तू गाण्याची ओळ भरलीस, आणि तुझ्या स्वतःच्या नावापुढे लोणी काळभोर लिहिलंस. तुझं ते चौथी पास अक्षर. गोदाबाई म्हणते, निवेदिका 'काळभोर'पाशी जरा अडखळली, म्हणून मी म्हणतो. आणि मग उठून, कुठल्यातरी पेटीपर्यंत चालत जाऊन टाकलंस. चाळीस वर्षं नुसता ऐकणारा माणूस तू.

पत्ता तू फक्त स्वतःचा बदललास. तिचा नाही. तिला वाघोलीतच ठेवलंस, आमच्या दोघांच्या शेजारी.

हे मला गोदाबाईने सांगितलं नाही, आणि मी तिला सांगितलं नाही. दोघांनाही एकदमच कळलं. मी गव्हाचं सूप बाजूला ठेवलं, ते ठेवताना सांडलं. मी रडलो रंगा, दारात बसून, उन्हात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. पाटी वाचत एक गृहस्थ उभे होते, त्यांना मी काय साधतो आहे ते दिसलं असावं.

गाणं शेवटच्या कडव्याशी आलं. ते हसणं आता मला ऐकू येत नाही, ते वरच्या सुरातलं आहे. मी वाट बघत बसलो आणि कुठे असेल याचा अंदाज घेत होतो. तेवढ्यात गोदाबाईने बोट वर केलं, पिठाचं बोट, अगदी वहिनी करायच्या तसं. मग बोट खाली आलं आणि ती हसली. तेव्हा मला कळलं की येऊन गेलं.

सहा कार्डं तुझ्याकडे उरली असतील. पुढची ओळ गोदाबाईच्या पाळीची आहे, ती म्हणते रंगरावांना समोर बसून सांगेन. तेव्हा रविवारी आम्ही दोघं येतो आहोत. दोन बस बदलून अकरापर्यंत पोचू. तुरीच्या शेंगा संपल्या, मेथी आणतो. निवडायला मी बसेन, तू ऐक. रेडिओत काय म्हणतात ते तुला सांगावं लागेल, मोठ्याने, डाव्या बाजूने.

मी दार वाजवणार. आतून तू 'बाहेर गेलेत' म्हणालास तरी मला ते ऐकू येणार नाही, तेव्हा वाजवत राहीन. उघडावंच लागेल तुला.

तुझा,
श्रीधर